सान्ता फे (न्यू मेक्सिको): तीन दिवसांत काय बघावं, काय सोडावं?

केळफूल

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात शुक्रवार ते सोमवार अशी सुट्टी जुळून आली आहे. डॅलसहून गाडीने सान्ता फेला जायचं घाटतंय. हाताशी धड तीन दिवसही नाहीत, कारण दोन्ही टोकं रस्त्यातच जाणार.

माणसं पाच. मी, नवरा, नऊ वर्षांची लेक आणि भारतातून आलेले सासू-सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई टुणटुणीत. नवऱ्याला संग्रहालय म्हटलं की जांभई येते. लेकीचा प्रश्न एकच, "पण तिथे करायचं काय?" आणि मला मात्र कॅन्यन रोडवरच्या गॅलऱ्यांमधून दिवसभर निरुद्देश भटकायचंय. ह्या सगळ्यांची मोट कशी बांधायची?

उत्तरेकडचं टाओस गाव जोडावं का? शिवाय ऑफिसातली एक मैत्रीण म्हणाली, "ते गाव म्हणजे पैसेवाल्यांचं खरेदीचं दुकान आहे, सुंदर पण पोकळ." हे कितपत खरं? आणि सासू-सासरे अंडंही खात नाहीत, तर जेवणाचं काय?

भटकभवानी

आम्ही डॅलसहूनच दोनदा गेलोय, त्यामुळे आधी रस्त्याचं सांगते. साधारण ६४० मैल. कागदावर दहा तास, पण ज्येष्ठ मंडळी सोबत असली की बारा धरा. ॲमरिलो आलं की निम्म्याहून जास्त झालं. तिथे हायवेच्या कडेला कॅडिलॅक रँच आहे. १९७४ साली शेतात नाकावर उभ्या पुरलेल्या दहा कॅडिलॅक गाड्या. कोणीही जावं आणि स्प्रेने रंगवावं. लेकीला तिथे अर्धा तास सोडा, "करायचं काय" ह्याचं पहिलं उत्तर मिळेल. कपडे जुने घाला, रंग निघत नाही.

न्यू मेक्सिकोत शिरलं की घड्याळ तासभर मागे जातं. जाताना तो तास फुकट मिळतो आणि येताना व्याजासकट परत घेतला जातो. आम्ही परतीच्या वेळी हा हिशेब विसरलो आणि रात्री दीडला घरी पोचून सकाळी आठच्या मीटिंगला बसलो.

मुख्य गोष्ट म्हणजे उंची. सान्ता फे ७,००० फुटांवर आहे, अमेरिकेतली सगळ्यात उंचावरची राज्य-राजधानी. मागच्या सीटवरचं वेफर्सचं पाकीट तिथे पोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगलेलं असतं. तेव्हाच समजून घ्यायचं की आपल्या डोक्यातही असलंच काहीतरी चाललंय. पहिल्या संध्याकाळी काही ठरवू नका. पाणी प्या, हलकं जेवा, झोपा. हवा इतकी कोरडी की ओठ दुसऱ्या दिवशी फुटतात. सासऱ्यांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांशी आधी बोलून घ्या.

हॉटेल गावातल्या मुख्य चौकापासून, म्हणजे प्लाझापासून, चालत जाण्याच्या अंतरावर घ्या. महाग पडेल, पण गुडघ्यांसाठी हाच सगळ्यात चांगला खर्च. दुपारी अर्धा तास खोलीवर येऊन पाय वर करता येतात.

पावटा

एवढ्या लांब जाताय तर व्हाइट सँड्स अजिबात सोडू नका!!

कोरा चहा

पावटा, एकदा नकाशा उघडा राव. सान्ता फेहून व्हाइट सँड्स एका बाजूने चार तास. तीन दिवसांतले आठ तास गाडीत घालवून पांढऱ्या वाळूत सासऱ्यांना कुठे फिरवणार?

पावटा

सूर्यास्त बघितला नाहीये तुम्ही तिथला. एवढंच बोलतो.

खडूस काका

केळफूल, तुमच्या मैत्रिणीशी मी शंभर टक्के सहमत. मी कामानिमित्त वीसेक वेळा गेलोय. अख्खं गाव बिस्किटाच्या रंगाचं. बँक बिस्किटाची, पार्किंगची इमारत बिस्किटाची, बर्गरचं दुकानही बिस्किटाचं. लोक म्हणतात काय ती प्राचीन मातीची घरं! कसली प्राचीन? १९५७ साली नगरपालिकेने नियम केला की जुन्या भागात बांधकाम ह्याच थाटाचं हवं. म्हणून आत लाकडाचा सांगाडा, वर जाळी, त्यावर सिमेंट आणि त्यावर मातीचा रंग. कोपरे मुद्दाम गोल केलेले. आतमध्ये कोयोटीचे ब्राँझचे पुतळे आणि किमतीच्या जागी "विचारा" असं लिहिलेलं. मी कधी विचारलं नाही.

दोन तासांत प्लाझा बघून होतो. उरलेल्या अडीच दिवसांचं काय ते ठरवा.

तिरपी रेघ

काका, वीस वेळा गेलात आणि एकदाही विचारलं नाहीत, तर गाव पोकळ की तुम्ही लाजरे? (हलके घ्या.)

मातीकाम

काकांचं नियमाबद्दल बरोबर आहे आणि बरीचशी घरं नकली आहेत हेही खरं. पण खरी-खोटी ओळखायची सोपी खूण आहे. खिडकीकडे बघायचं. खऱ्या अडोबीच्या, म्हणजे मातीच्या विटांच्या, भिंती फूट-दोन फूट जाड असतात, त्यामुळे खिडकी खोल कोनाड्यात बसल्यासारखी दिसते. नकली घरात ती भिंतीला चिकटवल्यासारखी असते. एकदा हा खेळ लागला की लेकही खेळेल.

अडोबी म्हणजे माती, वाळू, पेंढा आणि पाणी साच्यात घालून उन्हात वाळवलेली वीट. भट्टी नाही. जोडायलाही मातीच आणि वरून गिलावाही मातीचाच. पाऊस-बर्फाने तो झिजतो आणि पुन्हा पुन्हा लिंपावा लागतो. ह्याचा फार बोलका नमुना टाओसच्या अलीकडे आहे, रांचोस दे टाओसचं चर्च. त्याची मागची बाजू बघा. दरवाजा नाही, खिडकी नाही, नुसते मातीचे प्रचंड उतरते धिरे. चित्रकार जॉर्जिया ओकीफने ह्याच पाठीची चित्रं काढली.

तर १९६७ साली दरवर्षीची लिंपालिंपी नको म्हणून ह्या चर्चवर सिमेंटचा टणक गिलावा चढवला. सिमेंटला बारीक तडे गेले, तड्यांतून पाणी आत शिरलं आणि ते बाहेर पडायला वाट राहिली नाही. मातीचा गिलावा श्वास घेतो, भिजतो तसा वाळतो. सिमेंटच्या आत मात्र विटांचा चिखल व्हायला लागला. शेवटी १९७९ साली सगळं सिमेंट काढून परत माती लावली. आता दर उन्हाळ्यात गावातले लोक जमतात, पेंढा कालवतात आणि हाताने लिंपतात.

काका, ह्या भिंतीला हात लावून या आणि मग पोकळ म्हणा.

खडूस काका

हे चर्चचं ठाऊक नव्हतं. पण ते टाओसला आहे, सान्ता फेला नाही. माझं म्हणणं सान्ता फेबद्दल होतं.

मातीकाम

सान्ता फेचा पॅलेस ऑफ द गव्हर्नर्स प्लाझावरच आहे. स्पॅनिश लोकांनी १६१० साली गाव वसवलं तेव्हाचा, मातीचाच. तुम्ही वीस वेळा त्याच्या ओसरीवरून गेला असणार.

केळफूल

सासूबाईंना लिंपण्याची गोष्ट वाचून दाखवली. म्हणाल्या, "मग आम्ही दुसरं काय करत होतो? फक्त आमच्याकडे कोणी फोटो काढायला येत नव्हतं." त्यांच्या माहेरी मातीच्या भिंती होत्या, दिवाळीच्या आधी सगळ्या बायका पोतेरं घेऊन बसायच्या. आता त्यांनाच तिथे जायची जास्त घाई झाली आहे.

लवंगी

जेवणाचं मी सांगते, कारण आमच्याकडे हाच प्रश्न होता.

बसल्या बसल्या वाढपी विचारेल, "रेड ऑर ग्रीन?" गडबडू नका, मिरचीबद्दल विचारतात. न्यू मेक्सिकोने हा आपला अधिकृत राज्य-प्रश्न म्हणून जाहीर केलाय, चेष्टा नाही. हिरवी म्हणजे ताजी मिरची भाजून, सोलून केलेला रस्सा. लाल म्हणजे तीच मिरची पिकवून, वाळवून केलेला. दोन्ही हवं असेल तर "ख्रिसमस" म्हणायचं. दारोदारी लाल मिरच्यांच्या माळा टांगलेल्या दिसतील, दृष्ट काढल्यासारख्या. सप्टेंबरात जाताय म्हणजे भाजणीचा हंगाम. लोखंडी जाळीच्या पिंपात हिरव्या मिरच्या आणि खालून गॅसची आग. पिंप फिरतं आणि सगळ्या चौकात तो वास. ठसका लागतो, पण भूकही लागते.

आता धोक्याची सूचना. हिरव्या रश्श्यात बऱ्याचदा डुकराचं मांस असतं. लाल रश्श्याला मांसाचं पाणी वापरलेलं असू शकतं. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते. "व्हेजिटेरियन" एवढंच विचारून भागत नाही. "लार्ड आहे का? ब्रॉथ कशाचं?" असं खोदून विचारा. राग मानत नाहीत. कालाबासितास मिळालं तर घ्या, भोपळ्याच्या जातीची कोवळी भाजी, मक्याचे दाणे आणि हिरवी मिरची. निळ्या मक्याचे टॉर्टिया घ्या. आणि सोपापिया! गव्हाच्या पिठाच्या चौकोनी, टम्म फुगलेल्या पुऱ्या. कोपरा तोडायचा आणि आत मध ओतायचा. माझे बाबा दोन दिवस त्यावरच होते. पीठ कधी कधी चरबीत मळलेलं असतं, तेही विचारून घ्या.

बाराआणे

आमच्या सौंनी पुऱ्यांबरोबर खायला पर्समधून लोणच्याची बाटली काढली होती. शेजारच्या टेबलवरच्या आजोबांनी चव घेऊन विचारलं, "रेड ऑर ग्रीन?"

जांभूळ

मी खरेदीचं सांगते, म्हणजे माझ्यासारखं कोणाचं होऊ नये. पहिल्या खेपेला प्लाझाजवळच्या एका दुकानातून चांदीचं, निळ्या खड्यांचं ब्रेसलेट घेतलं. दारावर "७० टक्के सूट" लिहिलेलं. हे मी तेव्हाच समजायला हवं होतं. घरी येऊन भांडी घासताना दोन खडे पांढरे पडले. होलाइट नावाचा पांढरा दगड निळा रंगवलेला होता. नंतर वाचलं की खऱ्या पिरोजातही (टर्क्वॉइज) प्रकार असतात. नैसर्गिक, मग राळ मुरवून टणक केलेला आणि मग भुकटी करून ठोकळ्यात जमवलेला. टणक केलेला वाईट नसतो, पण विक्रेत्याने ते सांगायला हवं.

दुसऱ्या खेपेला शहाणी होऊन पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या ओसरीवर गेले. तिथे वेगवेगळ्या प्वेब्लोंमधले (मूळनिवासींच्या जुन्या गावांमधले) आणि नवाहो जमातीचे कारागीर भिंतीला टेकून, पुढ्यात घोंगडी अंथरून बसतात. तिथे बसायचे कडक नियम आहेत. माल स्वतःचा किंवा घरच्यांनी बनवलेला हवा, त्यावर कारागिराची खूण हवी. जागेपेक्षा माणसं जास्त आली तर सकाळी चिठ्ठ्या टाकून जागा ठरतात. माझ्या कानातल्यांच्या मागे एक बारीक पिसाची खूण आहे. विकणाऱ्या बाईंनी भिंग काढून दाखवली.

१९९० चा कायदाही आहे, मूळनिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांच्या नावावर विकणं हा गुन्हा. पण कायदा तुमच्या पर्समध्ये बसून खरेदीला येत नाही. पावतीवर लिहून मागा.

बाराआणे

ओसरीवर भाव करायचा का?

जांभूळ

नाही.

भटकभवानी

मी दोन वस्तू एकदम घेताना "काही कमी होईल का" असं विचारलं होतं, त्यांनी केलं. नम्रपणे विचारायला काय हरकत आहे?

जांभूळ

अगं, ज्या माणसाने स्वतः चांदी ठोकलीये तो तुझ्यासमोर बसलाय. दुकानात टॅगवरची किंमत मुकाट्याने देतो आपण आणि घोंगडीवर बसलेल्या माणसाशी मात्र घासाघीस? त्याच गावात बर्गरवाल्याशी करशील?

भटकभवानी

विचारलं म्हणजे घासाघीस नव्हे. ते "नाही" म्हणाले असते तर मी तेवढ्यालाच घेतलं असतं. तू उगाच माझ्या तोंडी मंडईतला सूर घालते आहेस.

कोरा चहा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. निळ्या मक्याचे.

तिरपी रेघ

केळफूल, तुझ्या मूळ हौसेकडे येते. कॅन्यन रोड म्हणजे जेमतेम अर्ध्या मैलाचा चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना घरं आणि प्रत्येक घराची गॅलरी झालेली. सगळ्या बघायच्या नसतात. खालून वर जाताना फक्त अंगण बघत जा, शिल्पं बहुतेक अंगणातच असतात. वाऱ्यावर फिरणारी धातूची शिल्पं एका ठिकाणी आहेत, तिथे सासरे बाकावर बसून राहतील. उतरताना ज्या दोन-तीन दारांनी पाय ओढले तेवढ्यातच शिर. शुक्रवारी संध्याकाळी पाच ते सात बऱ्याच गॅलऱ्यांत नव्या प्रदर्शनांचं उद्घाटन असतं. फुकट, आणि चित्रकार स्वतः हजर. विकत घ्यायचं नसेल तर तसं सरळ सांगायचं, कोणी हाकलत नाही.

ओकीफचं संग्रहालय १९९७ पासून आहे. छोटं आहे, तासाभरात होतं, पण वेळेचं तिकीट आधी काढ. ती १९२९ साली पहिल्यांदा टाओसला आली, १९४९ ला कायमची इकडे राहिली आणि १९८६ मध्ये सान्ता फेमध्येच गेली. नवऱ्याला सांग, फक्त एक तास. जांभई आली तर बाहेर कॉफी मिळते.

मला विचारशील तर म्युझियम हिलवरचं लोककलेचं संग्रहालय सोडू नको. जगभरातली खेळणी, बाहुल्या, मातीची छोटी छोटी गावं. काही काचेच्या पेट्या मुलांच्या उंचीला आहेत. लेक तिथून हलणार नाही.

आडवाट

लेकीसाठी मिआउ वुल्फ. जुन्या बोलिंगच्या इमारतीत २०१६ पासून. एक साधं दुमजली घर, आणि फ्रिजचं दार उघडून आत चालत गेलं की दुसरंच जग. साठ-सत्तर खोल्या. आवाज आणि दिवे फार, ज्येष्ठांना नको.

नवऱ्यासाठी लॉस ॲलमॉस, पहिला अणुबॉम्ब जिथे बनवला ते गाव. पस्तीसेक मैल. पण त्याआधी सान्ता फेमध्येच १०९ ईस्ट पॅलेस हा पत्ता शोधा. १९४३ मध्ये देशभरातून निघालेले शास्त्रज्ञ ह्या एका दारात येऊन हजर व्हायचे आणि तिथून त्यांना डोंगरावर नेलं जायचं. डोंगरावरच्या गावाचं नावच घ्यायचं नव्हतं. सगळ्यांचा पत्ता एकच, पोस्ट बॉक्स १६६३, सान्ता फे. तिथे जन्मलेल्या बाळांच्या दाखल्यावरही जन्मस्थळ म्हणून तोच पोस्ट बॉक्स. हे ऐकून आमच्या दहावीतल्या मुलाने पहिल्यांदा फोन खाली ठेवला होता.

लॉस ॲलमॉसच्या पलीकडे बँडेलिअर. ज्वालामुखीच्या राखेच्या मऊ दगडात कोरलेल्या गुहा, शिडीने चढून आत बसता येतं. खालची वाट बरीचशी सपाट आहे, सासरे ओढ्याकाठी थांबू शकतात. अल्कोव्ह हाउस ही तिथली एक गुहा मात्र तळापासून १४० फूट वर, लाकडी शिड्या चढून. उंचीची भीती असलेल्यांनी खालूनच हात हलवावा. मी हलवला.

पावटा

आणि शिड्या उतरल्यावर व्हाइट सँड्स.

खारीचा वाटा

टाओसला जाताना डोंगरातल्या हाय रोडने जा, येताना नदीकाठच्या रस्त्याने या. हाय रोडवर चिमायो लागतं. लहानसं मातीचं चर्च, १८१६ चं. आत एका खोलीत जमिनीला गोल खड्डा आणि त्यात कोरडी तांबूस माती. लोक ती चिमूटभर घेऊन दुखऱ्या जागी लावतात. भिंतीला टाकून दिलेल्या कुबड्या टांगलेल्या. गुड फ्रायडेला हजारो माणसं पायी चालत येतात. आपल्याला वारी आणि अंगारा कोणी समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे तिथे परकं वाटलं नाही. खड्डा आटत कसा नाही असं मी विचारलं, तर चर्चवाले हसून म्हणाले, आम्हीच आणून भरतो. हा प्रामाणिकपणा आवडला.

टाओस प्वेब्लोला जाणार असाल तर तारीख नीट बघा. ३० सप्टेंबरला सान हेरोनिमोचा त्यांचा सण असतो, त्या दिवशी कॅमेरा, फोन काही चालत नाही. एरवीही माणसांचे फोटो विचारल्याशिवाय नाही. लोक तिथे राहतात, जुन्या भिंतीच्या आत वीज आणि नळ घेतलेले नाहीत. ते दाखवायला ठेवलेलं खेडं नाही.

सुटीचा वार

पुढच्या वर्षी लेबर डेच्या (सप्टेंबरचा पहिला सोमवार) आधीच्या शुक्रवारी जा. झोझोब्रा! पन्नास फुटी पांढरा बाहुला, वर्षभराची उदासी म्हणून जाळतात. १९२४ पासून. लोक आपापली दुःखं कागदावर लिहून आणतात आणि त्याच्या पोटात घालतात. घटस्फोटाचे कागदसुद्धा. तो पेटल्यावर कण्हतो, म्हणजे कोणीतरी माइकवर कण्हत असतं. मी व्हिसाच्या नकाराचं पत्र घातलं होतं.

लवंगी

मग मिळाला का व्हिसा?

सुटीचा वार

दोन वर्षांनी. पण बोंब मारून बरं वाटलं, होळीला वाटतं तसं.

केळफूल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. शुक्रवारी प्रवास, शनिवारी गाव, रविवारी टाओस, सोमवारी परत असं ठरलंय. बँडेलिअर आणि लॉस ॲलमॉस पुढच्या खेपेला, नवरा नाराज आहे. पावटा, माफ करा.

*(दोन आठवड्यांनी)*

केळफूल

वृत्तांत लिहिते, कारण न लिहिणाऱ्यांचा मलाच राग येतो.

शुक्रवारी पोचलो तर सासूबाईंचं डोकं ठणकत होतं. सासरे ठणठणीत. भटकभवानीचं ऐकून झोपलो. उद्घाटनं हुकली.

शनिवारी लेकीला घेऊन नवरा मिआउ वुल्फला गेला आणि "तासाभरात येतो" म्हणून चार तासांनी उगवला. फ्रिजमधून सात वेळा गेला म्हणे, लेक नव्हे, तो. मी कॅन्यन रोडवर एकटी फिरले. खिडक्या बघत बसले ह्याला जबाबदार मातीकाम. बाहेरून साध्या वाटणाऱ्या एका घराची खिडकी इतकी खोल होती की त्यात मांजर आडवं झोपलं होतं आणि तरी कुंडीला जागा उरली होती. किमती मीही विचारल्या नाहीत, काका.

रविवारी टाओसचा बेत अर्धाच झाला. चिमायोला सासरे अर्धा तास नुसते बसून राहिले. माती घेतली नाही, "विश्वास नाही माझा" म्हणाले. गाडीत बसल्यावर सासूबाईंनी रुमालाची पुरचुंडी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. तिथून पुढे चढावर दोन्ही बाजूंना पिवळी झाडं दिसायला लागली आणि सगळे इतके रेंगाळले की टाओस प्वेब्लोला पोचेपर्यंत फाटक बंद झालेलं. रांचोसच्या चर्चची पाठ मात्र बघितली. सासूबाईंनी भिंतीवर तळवा फिरवला आणि म्हणाल्या, "पेंढा बारीक कापलाय. हात चांगला आहे कोणाचातरी."

आता खरी गोष्ट. सोमवारी निघायच्या आधी ओसरीवर गेलो. एका आजींच्या घोंगडीवर काळी चकचकीत मडकी होती, तळहातावर मावतील एवढी. सासूबाईंनी एक उचललं आणि मी काही म्हणायच्या आत टिचकी मारली, माठ घेताना मारतात तशी. ठण्ण वाजायच्या ऐवजी ठप्प वाजलं. मला मराठीत म्हणाल्या, "फुटकं आहे." आजींना शब्द कळला नाही, पण चेहरा बरोबर कळला. त्यांनी मडकं हातात घेऊन उन्हाकडे धरलं, आतून बोट फिरवून दाखवलं. कुठेच चीर नाही. मग दोघी एकमेकींकडे बघून हसल्या आणि मडकं आमच्या गाडीत आलं. घासाघीस झाली नाही, जांभूळ. टिचकीचाच अपमान पुरेसा होता. बारा तास ते शालीत गुंडाळून सासूबाईंच्या मांडीवर बसून आलं.

मातीकाम, ते ठप्प का वाजतं?

खडूस काका

वृत्तांत आवडला. मांजराची खिडकी नेमकी कुठे आहे? नोव्हेंबरात जाणं आहे.

मातीकाम

क्या बात है! ठप्प वाजणं हेच बरोबर. आपला माठ भट्टीत जास्त तापतो म्हणून खणखणतो. ही मडकी उघड्यावर, कमी आचेवर भाजतात. आधी गुळगुळीत गोट्याने तासन् तास घासून चकाकी आणतात, मग भाजताना ऐन वेळी वरून घोड्याच्या वाळलेल्या शेणाची भुकटी लोटून आग गुदमरवतात. हवा तुटते, धूर कोंडतो आणि तांबडी माती काळी होते. सान इल्डेफोन्सो प्वेब्लोच्या मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ ह्या जोडप्याने चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी काढायची रीत शंभरेक वर्षांपूर्वी बसवली. जास्त तापवलं तर ती चकाकी जाते, म्हणून मडकं कच्चंच राहतं. आवाज मऊ, आणि पाणीही धरत नाही.

एक महत्त्वाचं. त्यात पाणी, फुलं काही ठेवू नका आणि ओल्या फडक्याने तर मुळीच पुसू नका. चकाकी ही फक्त घासलेली माती आहे, वर रोगण नाही. पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो.

केळफूल

हा प्रतिसाद सकाळी आला असता तर बरं झालं असतं. सासूबाईंनी ते आत्ताच चिंच लावून घासलं.

मातीकाम

अरे देवा.

फोटो टाका. कुठली बाजू वाचली आहे बघू, ती पुढे करून ठेवता येईल.